सम्राटचा खुराक

कोकराला दूध लागतं, ऊब लागते, जरा मोठं झालं की कोवळा पाला लागतो. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात एका माणसाला कळेना, आणि ती कळेपर्यंत माझ्या डोक्याची पार भजी झाली. तो माणूस म्हणजे आमचे हे, कृष्णात.

हे एकेकाळचे पैलवान. एकेकाळचे असं मी म्हणते, ते स्वतःला अजून पैलवानच समजतात. तरुणपणी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तालमीत होते. तिथं उजवा गुडघा गेला, कुस्ती सुटली, आणि कागलजवळच्या आमच्या गावी येऊन ऊस आणि म्हशी बघायला लागले. माणूस गावी आला, पण डोकं तालमीतच राहिलं. घरात कुणाला काही झालं की यांचं औषध ठरलेलं, खुराक आणि मेहनत. माझी कंबर धरली तेव्हा मला बैठका मारायला सांगत होते. आक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चक्कर आली तर त्यांच्यापुढं बदामाचं दूध घेऊन उभे. आक्का म्हणाल्या, "मुडद्या, आधी मला बसू तरी दे." तेवढंसुद्धा यांना सुचलं नव्हतं.

तर कोकराचं सांगते. ऊस तुटून गेला की दरवर्षी ज्ञानू धनगर आपली मेंढरं घेऊन आमच्या रानात मुक्कामाला येतो. मेंढरं बसली की रानाला आयतं लेंडीखत मिळतं, आणि आम्ही ज्ञानूला धान्य देतो. यंदा त्याची एक मेंढी आमच्याच रानात व्याली आणि पिल्लाला चीक पाजून मेली. ज्ञानू ते कोकरू काखेत घेऊन दारात आला.

"वैनी, दुसरी मेंढी ह्याला जवळ घेईना. म्होरल्या मुक्कामापत्तूर टिकायचं न्हाई हे. तुमी ठेवा."

मी ठेवून घेतलं. बाटलीला रबरी बोंडी लावून गाईचं दूध पाजलं, चुलीजवळ पोत्यावर निजवलं, त्याच्या ओरडण्यानं झोपेचं खोबरं करून घेतलं. पंधरवड्यात ते माझ्या मागं मागं फिरायला लागलं. मी धुणं धुवायला बसले की पदर चघळायचं. माझा त्याच्यावर जीव जडला, त्यात लपवायचं काय? पोरं शिकायला बाहेर गेल्यावर घरात माझ्यामागून फिरणारं ते एकच होतं.

मग ते बाळसं धरायला लागलं आणि यांची नजर त्याच्यावर पडली.

"संयोगिता, छाती बघ की ह्याची! मान बघ! ह्ये साधं कोकरू न्हाई. जत्रंत ह्येचा पयला नंबर हाय."

त्या दिवशी त्याचं नाव सम्राट ठेवलं गेलं आणि त्याचे हाल सुरू झाले. माझ्या बाटलीत बदाम आले. मग अंड्याचा बलक आला. मग यांचा तालमीतला दोस्त गुंडू, जो आता पेठेत चपलांचं दुकान चालवतो, त्यानं माशाच्या तेलाचा एक डबा आणून दिला. कुठून आणला, किती जुना, देव जाणे. गोठ्यात पत्र्याखाली तापत ठेवलेला तो डबा उघडला की असा वास यायचा की मांजरसुद्धा तिकडं फिरकत नव्हतं. मी म्हणायचे, अहो, एवढ्याशा जिवाला हे कशाला? तर म्हणे, "हाडं भक्कम हुत्यात. तुला काय कळतंय." रोज सकाळी दुधातून दोन चमचे.

एवढ्यावर थांबले असते तरी मी हात जोडले असते. पण खुराक दिला म्हणजे मेहनत आलीच. यांना स्वतःला गुडघ्यामुळं पळता येत नाही. म्हणून हे मोपेडवर बसायचे, एका हातात दुधाची बाटली धरायचे आणि कालव्याच्या रस्त्यानं निघायचे. बाटलीच्या आशेनं ते लेकरू बिचारं मागं पळायचं. सगळं गाव दारात उभं राहून बघायचं आणि मी घरात तोंड लपवून बसायची.

एके दिवशी सकाळी मी पाहिलं, सम्राट अंगणात चालतोय पण मागचे पाय वाकत नाहीत. फळीला खिळे मारल्यासारखे ताठ. पाठीला बाक आलेला. चार पावलं टाकली, मागचा भाग थरथरला आणि कुत्र्यासारखा ढुंगणावर बसला. मी यांना हाक मारली.

"अहो, ह्याच्या मागच्या पायात जोर न्हाई. आज न्हेऊ नका पळवायला."

"अंग धरलंय. मेहनत नवीन हाय न्हवं. पळीवलं की सुटतंय."

आणि नेलं. माझ्या डोळ्यांदेखत नेलं. परत आले ते मोपेडच्या पुढच्या पाय ठेवायच्या जागेवर त्याला आडवं घालून. त्यानंतर सम्राटला उठताच येईना. पुढचे पाय टेकवून धडपडायचा, पण मागचा भाग वर यायचाच नाही. मी मांड्या चाचपल्या तर दोन्हीकडच्या सारख्याच कडक, आणि हात लावला की ओरडायचा. ताप नव्हता. नवल म्हणजे बाटली दाखवली की डोळे लुकलुकायचे आणि गटागटा प्यायचा. आजारी जनावर तोंड फिरवतं, हे तर भुकेनं वेडं झालेलं. मला काही कळेना आणि त्यामुळं जास्तच भीती वाटायला लागली.

यांनी काय करावं? तेल कोमट केलं आणि मालिश सुरू केली. आखाड्यात करतात तशी, अंगठे रुतवून. वर पोटाखालून टॉवेल घालून त्याला उभं करायचे आणि म्हणायचे, "हं, टाक पाऊल. टाक!" ते ओरडतंय, मी ओरडतेय, आक्का ओरडतायत, आणि ह्यांचं आपलं चालू. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. आक्कांना दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला न्यावं लागतं, त्यात काही खाडा चालत नाही. निघताना मी यांना निक्षून सांगितलं, "डॉक्टरास्नी बोलवा. मी येईपत्तूर मालिश करायची न्हाई, उभं करायचं न्हाई. आन् त्या इचारतील त्ये समदं सांगा." हे मान हलवत होते. पालथ्या घड्यावर पाणी, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

वाडीला दत्तापुढं हात जोडले तरी माझ्या डोळ्यांसमोर कोकरूच. आक्का म्हणाल्या, "देवाला काय मागितलंस?" मी म्हटलं, तुमच्या लेकाला थोडी अक्कल. त्या म्हणाल्या, "त्ये मी कवापास्नं मागतोय."

चहाच्या वेळेला घरी आलो तर हे ओसरीवर ऐटीत बसलेले.

"आल्या की डॉक्टरीण. समदं तपासलं. दोन सुया दिल्या. म्हनल्या, मेंढी गाभण असताना तिला काय तर कमी पडलं असंल, म्हनून पोटातनंच पाय कच्चं आल्यात. बघू म्हनल्या."

"तुमी काय काय सांगितलं त्यास्नी? खायला काय घालताय इचारलं असंल न्हवं?"

"इचारलं की. दूध सांगितलं."

"आन् अंडी?"

हे पायाजवळची चप्पल सरळ करायला लागले.

"आन् त्ये तेल?"

हे इकडं तिकडं बघायला लागले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, चौगुले हाईत त्या. जैन हाईत. त्येंच्यासमोर अंडी, माशाचं तेल म्हनायचं कसं? आपल्या दारात आलेल्या बाईमाणसाला घाण वाटंल असं बोलायचं व्हय?"

मी कपाळावर हात मारला. हातातली प्रसादाची पिशवी खाली पडली, त्याचंही भान राहिलं नाही. इकडं जीव जातोय एका मुक्या जनावराचा आणि ह्यांना शिष्टाचार सुचलेला! आणि पळवण्याचं? तेही सांगितलं नव्हतं, कारण ते विचारलंच नाही म्हणे.

"डॉक्टर हाईत त्या! म्हशीच्या ढुंगणात कोपरापत्तूर हात घालत्यात रोज, आन् माशाचं नाव काढलं की त्यास्नी घाण वाटणार व्हय? आनी तुमाला लाज कुणाची वाटली? सा महिन्यांच्या जनावरालासुदीक कुणी मोपेडमागं पळवत न्हाई, तवा वाटली न्हाई ती?"

"सा महिन्यांचं कुठं हाय," हे म्हणाले. "दीड महिन्याचंच हाय अजून."

आता हसावं की रडावं? मी दोन्ही केलं नाही. म्हटलं, "मी फोन लावतो. तुमी मधी बोलायचं न्हाई."

डॉक्टर आदिती चौगुले तरुण आहेत, शांत बोलतात. मी एका दमात सगळं सांगितलं, बदाम, अंडी, तेल, मोपेड आणि ते का सांगितलं नाही हेही. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, ते तेल मी पिणार नव्हते हो. कोकरू पीत होतं." आणि मग घाईघाईनं, "त्याला अजिबात हलवू नका. तेल बंद. सकाळी येते."

सकाळी आल्या त्या आधी गोठ्यात गेल्या आणि डब्याचा वास घेतला. मग सम्राटच्या दोन्ही मांड्या परत चाचपून बघितल्या. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, चोरी करताना सापडल्यासारखे.

"काल मी बेंबी बघितली, सांधे बघितले, गोचीड शोधली, मणका चाचपला," डॉक्टर म्हणाल्या. "कशातच काही सापडलं नाही, तेव्हा मी त्या मेलेल्या मेंढीला दोष देऊन गेले. तुम्ही हे काल सांगितलं असतंत तर एक दिवस वाचला असता, कृष्णातदादा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. असं जुनाट, खवट झालेलं तेल अंगातलं ई जीवनसत्त्व संपवून टाकतं. ते संपलं की स्नायू कडक पडतात आणि मरायला लागतात. जे पिल्लू भराभर वाढतं त्यालाच हे आधी होतं, आणि त्यात त्याला पळवलं की एका दिवसात पाय जातात. त्यांनी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शन दिलं. "हे परत द्यायचं असेल तर मीच येऊन देणार. लवकर बरं व्हावं म्हणून आपल्या मनानं जास्त द्यायचं नाही, जास्त झालं तर हेच विष होतं." हे त्या यांच्याकडं बघून म्हणाल्या, माझ्याकडं नाही.

"जगंल न्हवं?" मी विचारलं.

"पायांचं बहुतेक सुधारेल. मला भीती काळजाची आहे. काळीज म्हणजेसुद्धा स्नायूच की. त्यालाही धक्का बसलेला असला तर दमल्यावर जागच्या जागी जाईल. त्याला पडू द्या. मऊ अंथरा, थोड्या थोड्या वेळानं कूस बदला, पडल्या जागी दूध पाजा. उभं करायचं नाही."

"मग उभं कवा करायचं?" हे म्हणाले.

"तुम्ही करायचंच नाही. त्याचं ते होईल."

"पर पडून ऱ्हायलं तर आळशी हुईल की."

मी यांच्याकडं असं बघितलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. डॉक्टरांनी चहा घेतला आणि गेल्या. तेलाचा डबा मी माझ्या हातानं उकिरड्यात पुरला.

गोठ्याच्या कोपऱ्यात सम्राटला गोणपाटांचं अंथरूण केलं. मी कूस बदलायची, मी पाजायची, मी पुसायची. हे लांब उभं राहून बघायचे. हात लावायची बंदी केली होती मी. मधूनच म्हणायचे, "जरा पाय तरी चोळू का?" मी नाही म्हणायची. परत तासाभरानं, "नुसतं टॉवेलनं जरा उचलून बघू का?" मला वाटायचं, हा माणूस मला वेड लावणार. पडलेलं काही यांना बघवतच नाही. पडलेला माणूस नाही, पडलेलं जनावर नाही, वाऱ्यानं पडलेल्या उसालासुद्धा बांधून उभा करत बसतात.

आणि मग रविवारी गुंडू आला. कुणीतरी बातमी पोचवली होती. बुलेटचा आवाज करत आला, दारातूनच ओरडला, "वैनी, पैलवान पडलाय म्हनं?" आणि चपला काढून थेट गोठ्यात. मी भाकरी थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन मागं धावले, तोवर गुंडूनं शड्डू ठोकला होता.

"ऊठ रं सम्राट! कोल्हापूरचं पाणी पिलास, आन् पडतोस व्हय?"

आणि दोन्ही हात पोटाखाली घालून त्यानं कोकराला उचललं आणि पायांवर ठेवलं. मागचे पाय लटपटले, लोंबले. सम्राटचं तोंड उघडं पडलं, जीभ बाहेर आली, बरगड्या वरखाली व्हायला लागल्या. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात घुमलं, जागच्या जागी जाईल.

"सोडा त्याला! भावजी, सोडा!"

"वैनी, तुमास्नी काय म्हाईत न्हाई. वस्तादांनी आमास्नी असंच उठवलंय. काय रं कृष्णा?"

हे दारातच उभे होते आणि गप्प होते. मला इतका संताप आला की मी सांगू शकत नाही. माझ्यापुढं एवढं तोंड चालतं, आणि दोस्तापुढं, तालमीतल्या वस्तादांचं नाव निघाल्यावर, तोंडाला कुलूप! मी पिठाच्या हातांनी गुंडूचा दंड धरून ओढत होते. तो हसत होता. "हं, टाक पाऊल. टाक!"

"गुंड्या, ठेव त्याला खाली."

हे म्हणाले. हळूच म्हणाले. गुंडूला ते खरंच वाटलं नाही.

"अरं, असं लाडावलास तर..."

"ठेव म्हनतो न्हवं!"

एवढा मोठा आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता. म्हशींनी माना वर केल्या. गुंडूनं कोकरू खाली ठेवलं. हे लंगडत आत आले, मधे उभे राहिले.

"काय झालं तुला?" गुंडू म्हणाला. "इसरलास व्हय? सुजलेल्या गुडघ्यावर पट्टी बांधून वस्तादांनी तुला जत्रंच्या मैदानात उतरीवलं हुतं. दोन मानसांनी धरून उभा केलता तुला. तवा तर तू न्हाई म्हनला न्हाईस."

"न्हाई म्हनलो. मनात रोज म्हनलो. तोंडातनं आलं न्हाई." यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला दोन म्हैनं पडू दिलं असतं, तर मी आज नीट चाललो असतो, गुंड्या. डॉक्टर म्हनलाच हुता तसं."

मी तिथंच उभी राहिले. लग्न झाल्यापासून मी एकच गोष्ट ऐकत आले होते, गुडघा कुस्तीत गेला. पाहुण्यांना सांगितली, पोरांना सांगितली, छाती फुगवून सांगितली. डॉक्टर काय म्हणाला होता, हे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

गुंडूचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "वस्ताद देवमानूस हुते, कृष्णा."

"हुते की. मी कुठं न्हाई म्हनतोय?" हे म्हणाले. "पर पाय माझा हुता."

गुंडू चहा न घेता गेला. हे कोकराजवळ बसायला गेले. यांना खाली बसता येत नाही सरळ. आधी एका हातानं गव्हाण धरायची, मग चांगला पाय दुमडायचा, मग तो उजवा पाय पुढं पसरायचा. रोज बघते मी हे, पण त्या दिवशी मला बघवेना. सम्राटच्या छातीवर तळहात ठेवून हे बसून राहिले. धडधड थांबेपर्यंत उठले नाहीत. मला यांच्यावर ओरडायचं होतं, एवढी वर्षं गप्प का बसलात म्हणून. त्या वस्तादांवर ओरडायचं होतं, पण ते वारून गेलेत. शेवटी मी आत गेले आणि करपलेली भाकरी काढली.

त्यानंतर कूस हेच बदलायचे. दूध हेच पाजायचे. डॉक्टर एकदा येऊन दुसरं इंजेक्शन देऊन गेल्या, मांड्या चाचपून म्हणाल्या, मऊ पडतायत. यांनी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही, उभं कधी करायचं हा तर नाहीच. उलट जाताना म्हणाले, "मॅडम, घरात मटण शिजतंय, वास येत असंल तर माफ करा." मी पदर तोंडाला लावला. डॉक्टर मात्र मोकळेपणानं हसल्या.

एका सकाळी मी धारेची बादली घेऊन गोठ्यात गेले तर हे गव्हाणीला टेकून खाली बसलेले आणि मला हातानं खूण करतायत, थांब, बोलू नकोस. सम्राट पुढच्या गुडघ्यांवर आला होता. मागचा भाग उचलत होता, पडत होता, परत उचलत होता. मला धावत जाऊन त्याला हात द्यावासा वाटला. यांनी माझा पदर धरून ठेवला. स्वतःचा दुसरा हात मांडीखाली दाबून बसले होते, आपोआप पुढं जाऊ नये म्हणून.

सम्राट उभा राहिला. पाय फाकलेले, सगळं अंग थरथरतंय, पण उभा. एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. मग यांच्या पसरलेल्या पायापाशी येऊन बसकण मारली आणि धापा टाकत माझ्याकडं बघायला लागला.

मला वाटलं आता हे शड्डू ठोकणार, गाव गोळा करणार.

"बास," हे त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "आजच्याला एवढं बास."

मला रडू कोसळलं. आणि ह्या माणसासमोर रडू कोसळलं म्हणून मला त्याचाही राग आला.